बारा रुपये आणि बावीस प्रश्न

आजचा भाग जरा घरचाच आहे. माझी आई रत्नागिरी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. परवा रात्री दहा वाजता ती मोबाईलवर शाळेची माहिती भरत बसली होती. बाहेर पाऊस, रेंज जाऊन-येऊन. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तिने लिहून ठेवलाय, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, "आई, तुझा बर्नआऊट मोजूया?"

मोजपट्टी आहे बरं का! १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने या थकव्यावर निबंध लिहिला. १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ वाक्यांची प्रश्नावली केली. पुढे शिक्षकांसाठी वेगळी आली. मन किती थकलंय, समोरच्यांबद्दल किती कोरडेपणा आलाय, आपल्या हातून काही घडतंय असं वाटतं का, हे ती विचारते. ० म्हणजे कधीच नाही, ६ म्हणजे रोज.

आईचा थकवा जवळजवळ सगळीकडे ६. मुलांबद्दलचा कोरडेपणा मात्र ०. मग तिने विचारलं, "यात मतदार यादीचा प्रश्न कुठाय रे?"

नाहीये. मन कसंय ते कळतं, काम कोणी लादलं ते नाही.

आता १८८२ मध्ये जाऊ. महात्मा फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं. शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात १५-२० हवा. आणि गंमत ऐका: गावचे हिशेब तपासणं, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामंही मास्तरांना द्या, त्याने त्यांचा मान वाढेल. म्हणजे जादा काम हा तेव्हा उपाय होता!

फुले चुकले असं मला नाही वाटत. त्यांनी पगारही मागितला होता, आणि त्या कामांनी मास्तरांना गावात वजन आलं असतं. यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या आईला कसलं वजन? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. म्हणजे यादी कायदेशीरच!

आईने कागदाच्या तळाशी तेविसावा प्रश्न लिहिला: आज खरंच किती तास शिकवलं? उत्तर: दोन.

अर्ज अजून कपाटात आहे. तुमच्या घरी शिक्षक असतील तर हा तेविसावा प्रश्न विचारा, आणि उत्तर व्हॉइस नोटवर पाठवा.