आवाज न करणारं बटण

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मुलांशी माझा एक वाद ठरलेला. प्रकल्पासाठी गेम करायचा म्हटलं की ती आधी पडदा रंगवायला बसतात. खेळणाऱ्याच्या हातात काय द्यायचं, हे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. मग मी त्यांना 'स्पेसवॉर'चा इतिहास ऐकवतो.

१९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीला पीडीपी-१ हा संगणक भेट मिळाला. स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पुढच्याच वर्षी त्यावर 'स्पेसवॉर' ही दोन अवकाशयानांची लढाई रचली. यानं चालवायची मात्र संगणकाच्या फळीवरच्या चाचणीच्या खटक्यांनी. खेळता खेळता कोपरं दुखायची. शिवाय पडदा एका बाजूला, त्यामुळे एकाचंच फावायचं.

ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स हे एमआयटीच्या मॉडेल रेल्वे क्लबचे गडी. क्लबच्या खोलीत पडलेल्या सामानातून त्यांनी प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी पेटी जुळवली. लाकडी खोकं, वर बेकेलाइट. एका खटक्याने यान डावी-उजवीकडे वळायचं. दुसरा एका दिशेला दाबला की इंजिन पेटायचं, उलट दाबला की यान 'हायपरस्पेस'मध्ये गडप! टॉर्पेडोचं बटण मुद्दाम बिनआवाजी ठेवलं. दोन टॉर्पेडोंमध्ये थोडा वेळ जावा लागे; घाईत दाबलेलं बटण टक् वाजलं असतं, तर आपला बार फुकट गेल्याचं शेजाऱ्याला तत्काळ कळलं असतं. डावपेच असे त्या बटणातच भरलेले होते.

त्याआधी, १९५८ मध्ये, ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपवर टेनिस मांडलं, तेव्हाही खेळाडूंच्या हाती खास पेट्याच होत्या: नॉबने फटक्याचा कोन, बटणाने फटका. पुढे घरोघरी एकसारखे गेमपॅड आले आणि हात विसरला गेला. तरी १९९८ मध्ये कोनामीच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन'ने खेळ पायांखाली आणला. अलीकडे रॉबिन बाउमगार्टन यांनी 'लाइन वॉबलर'मध्ये दाराच्या अडणीच्या स्प्रिंगची जॉयस्टिक केली आणि पडद्याऐवजी एलईडीची पट्टी लावली. स्प्रिंग वाकवली की ठिपका पळतो, टणकन सोडली की हल्ला होतो.

कोटॉक-सॉन्डर्सच्या पेट्यांना किंवा बाउमगार्टन यांच्या स्प्रिंगला महागडं सामान लागलं नाही. तेव्हा गेम करणाऱ्यांनो, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी भंगारातून दोन खटके काढा, खोक्यावर बसवा आणि मित्राच्या हातात द्या. त्याला ते नुसते हलवायलाच मजा आली, तर पुढचं काम सोपं आहे.