कोरियातील तुर्की शहीद

दक्षिण कोरियातील बुसान शहरात संयुक्त राष्ट्रांचे कब्रस्तान आहे. तेथे ४६२ तुर्की सैनिकांच्या कबरी आहेत. अनातोलियाच्या खेड्यांतून आलेली ही मुले हजारो मैल दूर कशासाठी मेली, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शहादत हा शब्द आपण फार आदराने उच्चारतो. तो कोण आणि कशासाठी वापरतो, याची चौकशी मात्र क्वचितच करतो.

२५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिणेवर आक्रमण केले. बरोबर एका महिन्याने अदनान मेंदेरेस यांच्या सरकारने ४५०० सैनिक पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. संसदेची मंजुरीही घेतली नाही. कोरियाशी तुर्कस्तानचे काही भांडण नव्हते. भय होते ते शेजारच्या सोव्हिएत रशियाचे. त्याने १९४५ मध्ये कार्स आणि अर्दहान हे प्रदेश मागितले होते, शिवाय सामुद्रधुनीत लष्करी तळही हवा होता. म्हणून तुर्कस्तानला नाटोचे छत्र हवे होते. पण १९५० मध्ये ते दार उघडले नाही. नोव्हेंबरअखेर कुनुरीच्या लढाईत तुर्की ब्रिगेडने चिनी फौजांशी झुंज देत अमेरिकन सैन्याच्या माघारीला अवधी मिळवून दिला. त्यात तिची मोठी हानी झाली. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी तुर्कस्तान नाटोचा सदस्य झाला. अमेरिकेचे स्वतःचे हिशेबही त्यामागे होते, पण कोरियात सांडलेले रक्त या सौद्यात मोजले गेले, हे नाकारता येत नाही.

हा झाला राष्ट्राचा हिशेब. सैनिकाचे काय? त्यांतले बरेच जण सक्तीची लष्करी सेवा करणारे होते, काहींनी आपणहून नावे दिली होती. नाटो म्हणजे काय, हे त्यांतल्या कितींना ठाऊक असेल? त्यांना समजणारी भाषा दीनची आणि वतनची होती. धर्माला राज्यकारभारापासून दूर ठेवणाऱ्या प्रजासत्ताकानेही मेलेल्यांना 'शहीद' आणि परतलेल्यांना 'गाझी' म्हटले. सैन्य पाठवण्याविरुद्ध पत्रके काढणाऱ्या बेहिजे बोरान या विदुषीला मात्र तुरुंगात जावे लागले.

त्या सैनिकांच्या सच्चेपणाबद्दल आम्हाला शंका नाही. सुवॉन येथे त्यांनी अनाथ कोरियन मुलांसाठी 'अंकारा' नावाची शाळा चालवली. ब्रिगेडच्या इमामांमुळे काही कोरियन लोकांना इस्लामची ओळख झाली. हे चांगुलपण त्यांचे स्वतःचे होते. कोणत्याही कराराचे कलम नव्हते.

याच युद्धात भारताने लढाऊ फौज न पाठवता वैद्यकीय पथक पाठवले. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख होते आपल्या कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. मायदेशी जायचे की नाही, हे प्रत्येक कैद्याला विचारण्याची तजवीज तेव्हा करण्यात आली. सैनिकाची मर्जी विचारली गेली, पण ती तो कैदी झाल्यावर!

पुढे १९८० च्या दशकात अफगाणिस्तानात हाच खेळ पुन्हा झाला. दूरदूरच्या देशांतली मुस्लिम तरुण मुले कम्युनिझमविरुद्ध लढायला गेली. शब्द धर्माचे होते, पैसा आणि शस्त्रे मोठ्या प्रमाणावर अमेरिका आणि सौदी अरेबियाची. तेव्हा एखाद्या दूरच्या लढाईसाठी कुणी आपल्या मुलांना शहादतीचे आवाहन करील, त्या वेळी या लढाईतून कोणाला काय मिळणार आहे, हे विचारणे म्हणजे ईमानात कसूर नव्हे. बुसानच्या कबरींचे आपल्यावर एवढे तरी कर्ज आहे.