तंजावरचे बृहदीश्वर मंदिर : पाषाणावर कोरलेले दप्तर

कावेरी नदी समुद्रास मिळण्यापूर्वी अनेक फाट्यांनी विभागली जाते आणि तिच्या गाळाने पिकलेला विस्तीर्ण सखल प्रदेश निर्माण होतो. त्या भातशेतीच्या प्रदेशात तंजावर हे पुरातन नगर वसले आहे. चोळ सम्राटांची ही राजधानी. पुढे नायक राजांची, आणि सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी ती हस्तगत केल्यावर १८५५ पर्यंत भोसले घराण्याची. इतकी राज्ये आली आणि गेली, परंतु नगराच्या मध्यावर उभे असलेले बृहदीश्वराचे मंदिर एक सहस्र वर्षांहून अधिक काळ आपल्या जागी स्थिर आहे. आजही तेथे नित्य पूजा होते, प्रदोषास गर्दी लोटते, आणि दूरदूरचे यात्रेकरू दर्शनास येतात.

हे मंदिर इतके सुस्थितीत कसे राहिले, असा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूच्या मनात येतो. त्यास सामान्यतः असे उत्तर मिळते की, ते कठीण दगडाचे आहे. हे उत्तर खरे असले तरी पुरे नाही. कठीण दगडाची कितीतरी देवालये दक्षिणेत ओसाड पडली आहेत. तंजावरच्या मंदिराने केवळ स्वतःची भिंत राखली नाही. त्या भिंतीवर आपला कारभारही लिहून ठेवला. त्या लेखनाची कथा देवस्थानांशी व मठांशी संबंध असलेल्या प्रत्येकाने जाणून घ्यावी अशी आहे.

पूर्वेकडून येणारा यात्रेकरू प्रथम मराठा काळातील प्रवेशद्वारातून आत शिरतो. पुढे केरळांतक नावाचे गोपुर लागते आणि त्यानंतर राजराज नावाचे. ही दोन्ही नावे मंदिर बांधविणाऱ्या पहिल्या राजराज चोळाची आहेत. केरळ देशावरील विजयामुळे त्याने ‘केरळांतक’ हे बिरुद धारण केले होते. तिसरा उंबरठा ओलांडताच सुमारे ८०० फूट लांब व ४०० फूट रुंद असे प्रशस्त अंगण दृष्टीस पडते. समोर नायक काळातील एकसंध पाषाणाचा भव्य नंदी आहे आणि त्याच्या पलीकडे सुमारे दोनशे फूट उंचीचे विमान आकाशात चढत गेलेले दिसते. विमान म्हणजे गर्भगृहावरील शिखर. उत्तरकालीन दाक्षिणात्य मंदिरांत गोपुरे उंच आणि गर्भगृहावरील शिखर लहान, असा प्रकार आढळतो. येथे गोपुरे बेताची असून सर्व उंची देवाच्या मस्तकावर आहे.

या विमानाविषयी दोन आख्यायिका प्रत्येक वाटाड्या सांगतो. शिखराची छाया कधीही भूमीवर पडत नाही, ही पहिली. आणि माथ्यावरील घुमटाकार शिरोभाग ऐंशी टनांच्या एकाच शिळेतून घडविला आहे, ही दुसरी. सकाळी किंवा सायंकाळी अंगणात उभे राहणाऱ्यास लांब पसरलेली छाया सहज दिसते, आणि शिरोभाग अनेक शिळा जोडून सिद्ध केलेला आहे, असे स्थापत्याच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. या आख्यायिका गळून पडल्या तरी मंदिराचे महत्त्व उणे होत नाही. गाळाच्या त्या प्रदेशात जवळपास असा खडक नाही. सारा दगड दूरवरून आणून, चुन्याचा आधार न घेता, केवळ वजनाच्या तोलावर एवढी उंची उभारली, हे सत्य कोणत्याही आख्यायिकेहून कमी अद्भुत नाही.

यात्रेकरूने आता मान खाली करून विमानाच्या जोत्याकडे पाहावे. जोत्याच्या थरांवर, कोनाड्यांच्या मधल्या जागेत आणि सभोवतालच्या ओवरीच्या खांबांवर अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरलेल्या आहेत. भाषा मुख्यतः तमिळ आहे. राजराजाने आज्ञा केली होती की, आपण, आपल्या वडील भगिनीने, आपल्या राण्यांनी आणि इतरांनीही देवास जे जे अर्पण केले, ते सर्व या श्रीविमानाच्या पाषाणावर कोरण्यात यावे. राज्याच्या २५ व्या वर्षी, २७५ व्या दिवशी, म्हणजे १०१० साली, शिखरावर चढविण्याचा कलश राजाने अर्पण केला, अशी नोंदही त्यांत आहे.

या लेखांत राजाच्या पराक्रमाची प्रशस्ती आहे. परंतु बहुतेक मजकूर हिशेबाचा आहे. कोणता दागिना दिला, त्यात सोने किती, हे नोंदले आहे. सोने ज्या दगडी वजनाने तोलले त्या वजनास ‘आडवल्लान’, म्हणजे नृत्यनिपुण प्रभू, असे देवाचेच नाव होते. जडजवाहीर तोलण्याचे वजन निराळे होते, त्याचे नाव ‘दक्षिणमेरुविटंकन’. हिऱ्यांचे वर्णन करताना त्यांतील डाग, तडे, तांबडे व काळे ठिपके आणि भाजल्यासारख्या खुणाही लिहिल्या आहेत. देवाच्या दागिन्यात उणीव दाखवू नये, असा संकोच त्या लेखनिकांनी केला नाही. धातूच्या मूर्तींची उंची पायांपासून केसांपर्यंत मोजून दिली आहे आणि प्रत्येक मूर्तीस हात किती, हेही सांगितले आहे. पुढे कोणी मूर्ती बदलू नये किंवा हिरा पालटू नये, हाच यातील हेतू उघड दिसतो.

राजाची वडील भगिनी कुंदवै हिच्या देणग्या विमानावर राजाच्या देणग्यांबरोबरच कोरल्या आहेत. देवाच्या नावे आलेली रोकड तिजोरीत पडून राहत नसे. ती ग्रामसभांना कर्जाऊ देत आणि दर काशूमागे, म्हणजे दर नाण्यामागे, वर्षाला एक अष्टमांश काशू व्याज घेत. नंदादीपासाठी गुरे-मेंढरे गवळी-धनगरांच्या हवाली केली जात. एका दिव्यास ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी, असे प्रमाण होते. आणि ज्याच्याकडे कळप दिला त्याने रोज ठरलेल्या मापाने तूप पोहोचवावे, असा करार होता. चोळ काळच्या लेखांत अशा मेंढ्यांना न मरणाऱ्या व न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या म्हटले आहे. मेंढी मरते हे लेखनिकास ठाऊक होतेच. कळपाची संख्या कधी घटू द्यायची नाही, हा त्या शब्दांचा अर्थ. दिवा न विझण्याची जबाबदारी अशा रीतीने एका साध्या माणसाच्या दैनंदिन कर्तव्याशी बांधली होती.

नायनार संतांची पदे गाण्यासाठी ४८ गायक आणि साथीला २ वादक नेमले होते. याहून विलक्षण अशी यादी चारशे नर्तकींची आहे. त्या राज्यातील निरनिराळ्या मंदिरांतून आणविल्या होत्या. प्रत्येकीचे नाव, तिचे मूळ देवालय, आणि कोणत्या गल्लीच्या कोणत्या रांगेत कितवे घर तिला दिले, हे सारे कोरले आहे. प्रत्येकीस वर्षाला १०० कलम भात, ‘कलम’ हे तेथील धान्याचे माप, असा एक वाटा होता. हा वाटा धारण करणारी व्यक्ती निधन पावल्यास किंवा परगावी गेल्यास जवळच्या आप्ताने सेवा चालवावी. आप्त योग्य नसल्यास त्याने योग्य माणूस नेमावा, असेही लिहून ठेवले आहे.

यांपैकी आज काय उरले आहे? मेंढ्यांचे कळप नाहीत आणि ती नर्तकींची घरेही नाहीत. देवदासी समर्पणाची प्रथा १९४७ साली मद्रास प्रांताच्या कायद्याने बंद झाली, आणि ती बंद झाली हे योग्यच झाले. जुने ते सर्व टिकावे, असा कोणाचाही आग्रह असू नये. तथापि ज्यांची नावे कोणत्याही बखरीत आली नसती अशा चारशे स्त्रियांची नावे ज्या भिंतीवर राजाचे नाव आहे तेथेच राहिली, ही गोष्ट साधी नाही.

आता या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग येतो. इतके स्पष्ट लेख भिंतीवर असूनही हे मंदिर कोणी बांधले, हे पुढील काळात लोक विसरून गेले. अकराव्या शतकातील लिपी वाचणारे उरले नाहीत. स्थलमाहात्म्यात मंदिराचे श्रेय करिकाल चोळास देण्यात आले, आणि राजाचा कुष्ठरोग बरा झाल्याची कथा त्यास जोडली गेली. पुजारी रोज त्या अक्षरांवरून जात, यात्रेकरू त्यांना प्रदक्षिणा घालीत, परंतु राजराजाचे नाव कोणाच्या दृष्टीस पडत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास सरकारच्या सेवेतील जर्मन पंडित हुल्त्श यांनी या लेखांचे ठसे घेऊन वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा मंदिराचा खरा कर्ता पुन्हा जगास कळला. लेख जागेवरच होता. वाचक हरपला होता.

असेच दुसरे विस्मरण गर्भगृहाच्या आत घडले होते. गर्भगृहाभोवती दुहेरी भिंतींमध्ये अरुंद प्रदक्षिणामार्ग आहे. तेथील भिंतींवर नायक काळातील चित्रे होती. १९३१ साली एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकास त्या चित्रांच्या पापुद्र्याखाली चोळ काळातील मूळ चित्रे आढळली. त्यांत रथावर आरूढ झालेला त्रिपुरांतक शिव आहे, संत सुंदरर यांच्या चरित्रातील प्रसंग आहेत, नटराजाचे पूजन आहे. पुढे पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी वरचा थर न नासवता वेगळा काढण्याची रीत योजिली आणि दोन्ही काळांची चित्रे राखली. त्याच्या वरच्या मजल्यावर भरतमुनींनी सांगितलेल्या १०८ नृत्यकरणांपैकी ८१ कोरलेली आहेत. उरलेल्या २७ शिळा कोऱ्याच आहेत. हजार वर्षांत त्या कोऱ्या शिळांवर कोणी हात चालविला नाही.

मराठी यात्रेकरूची प्रदक्षिणा येथे संपत नाही. अंगणाच्या नैऋत्य बाजूस, प्राकाराच्या भिंतीवर, त्याला अकस्मात आपली भाषा भेटते. हा भोसले वंशाचा इतिहास सांगणारा विस्तृत शिलालेख आहे. सरफोजी राजे (दुसरे) यांच्या आज्ञेने तो १८०३ साली कोरविण्यात आला. त्या सालाचा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. १७९९ च्या तहाने तंजावरच्या राज्याचा कारभार इंग्रजांच्या कंपनीकडे गेला होता आणि राजांकडे किल्ला व त्याच्या परिसराचा अधिकार तेवढा राहिला होता. राज्य हातचे गेल्यावर चार वर्षांनी राजांनी आपल्या वंशाची कथा लिहविली. ती राजवाड्याच्या दरबारात ठेवली नाही. देवाच्या अंगणात, सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवली. आणि तीही चोळांच्या एका अक्षरास धक्का न लावता, मुख्य विमान सोडून बाहेरच्या भिंतीवर. आदल्यांचे लेखन राखून आपले लेखन जोडावे, हा विवेक त्यात दिसतो.

या लेखाच्या वाट्यालाही तोच धोका आहे, जो चोळांच्या लेखांवर आला होता. व्यंकोजी राजांच्या मागोमाग गेलेली शेकडो मराठी कुटुंबे दक्षिणेत स्थिरावली. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरी स्थापन झाले. कीर्तनाची मराठी परंपरा तेथे रुजली. त्यांच्या वंशजांनी घरातील बोली पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, परंतु मराठी लिहिणे-वाचणे पुष्कळ घरांतून मागे पडले. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी दप्तराचा मोठा संग्रह आहे, पण मोडी वाचणारे थोडे. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या प्रत्येक मराठी समाजास ही अवस्था आपल्या ओळखीची वाटेल.

मंदिराचा प्रवास अलीकडच्या काळातही निर्विघ्न नव्हता. १९८७ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ७ जून १९९७ रोजी कुंभाभिषेकाच्या निमित्ताने उभारलेल्या यज्ञमंडपास आग लागून चाळीसहून अधिक भाविक प्राणास मुकले. त्यानंतरचा कुंभाभिषेक ५ फेब्रुवारी २०२० रोजी झाला. त्या वेळी मंत्र संस्कृतात म्हणावेत की तमिळमध्ये, असा वाद उपस्थित झाला. तो न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर दोन्ही भाषांत विधी झाले. ज्या मंदिरात संस्कृत मंत्र व तमिळ पदे पूर्वापार एकत्र नांदली, त्यास हा निर्णय शोभून दिसला. आजही वास्तूचे जतन पुरातत्त्व विभाग करतो आणि भोसले घराण्याचे वंशज देवस्थानाचे परंपरागत विश्वस्त आहेत.

कोणत्याही देवस्थानाच्या वा मठाच्या जुन्या पेटीत सनदा, जमाखर्चाच्या वह्या, शिष्यांच्या याद्या असतातच. तंजावरच्या भिंतीने हे शिकविले की, त्यांत हिऱ्याचा डागही लिहावा, दिव्यास तूप पुरविणाऱ्याचे नावही लिहावे, आणि ती लिपी वाचणारा एक तरी विद्यार्थी प्रत्येक पिढीत तयार करावा. तंजावरास जाणाऱ्या मराठी भाविकाने बृहदीश्वराचे दर्शन घेतल्यावर घाईने गोपुराकडे वळू नये. नैऋत्येच्या ओवरीत थोडे थांबावे, बरोबरच्या मुलास जवळ घ्यावे, आणि भिंतीवरील मराठीच्या चार ओळी त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.