अमृतसरचे मनोरुग्णालय : फाळणी, रुग्ण आणि नातलग

सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा उर्दूच्या वर्गांत वर्षानुवर्षे शिकवली जाते. फाळणीनंतर दोन्ही सरकारांनी वेड्यांचीही अदलाबदल करायचे ठरवले, हा तिचा आधार. उपरोधासाठी रचलेली कल्पना म्हणूनच तो बहुधा सांगितला जातो. वस्तुतः अशी अदलाबदल 1950 मध्ये झाली, आणि अमृतसरच्या मनोरुग्णालयाचा इतिहास तिच्याशी जोडलेला आहे.

अविभाजित पंजाबचे प्रमुख मनोरुग्णालय लाहोरला होते. 1849 मध्ये पंजाब इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्या सुमारास शहरातील मनोरुग्णांची देखभाल योहान मार्टिन होनिगबर्गर हा ट्रान्सिल्व्हेनियाचा डॉक्टर पाहत असे. महाराजा रणजितसिंहांच्या दरबारातही त्याने चाकरी केली होती. जेल रोडवरचे रुग्णालय 1900 मधले. ज्या मध्यवर्ती तुरुंगात 1931 साली भगतसिंगांना फाशी दिली गेली, तोही याच भागात होता. हा शेजार केवळ जागेचा नव्हता. 1912 च्या वेडेपणाविषयक कायद्याखाली रुग्ण बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने दाखल होई; नातलगांचा संबंध भेटीपुरता उरे. हा कायदा भारतात 1993 पर्यंत आणि पाकिस्तानात 2001 पर्यंत टिकला.

फाळणीनंतर हिंदू-शीख कुटुंबे भारतात आली, त्यांचे रुग्ण मात्र लाहोरात राहिले. कैद्यांची अदलाबदल 1948 मध्येच उरकली गेली. मनोरुग्णांची पाळी आणखी दोन वर्षांनी आली. लाहोरहून 450 हिंदू व शीख रुग्ण भारतात आणले गेले. पंजाब, पेप्सू, हिमाचल, दिल्ली या भागांतले 282 अमृतसरला ठेवले आणि उरलेल्या 168 जणांची रवानगी रांचीला झाली. (मराठीत येरवड्याचे नाव ज्या थट्टेने घेतले जाते, त्याच थट्टेने उत्तरेत आग्रा आणि रांचीचे घेतात.) लाहोर-अमृतसर अंतर जेमतेम 50 किलोमीटर, रांची तेथून हजार किलोमीटरहूनही दूर. मुस्लिम रुग्ण उलट दिशेने गेले. ज्यांना स्वतःच्या व्यवहाराचे भान नाही असे कायदा मानत होता, त्यांचा देश त्यांच्या धर्मावरून ठरला. त्यांना कोणी विचारले नाही.

अशा रीतीने उभ्या राहिलेल्या अमृतसरच्या रुग्णालयात जागा अपुरी होती आणि परिचारकही थोडे. 1950 च्या दशकात तेथील प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी या अडचणीतूनच वाट काढली. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून त्यांनी नातलगांना रुग्णाजवळ राहायला बोलावले. नातलगांना एकत्र बसवून आजार समजावून सांगितला जाई. रुग्ण बरे होऊन घरी जाऊ लागले; शेजारच्या तंबूतला रुग्ण सुधारताना पाहून नव्याने आलेल्यांचीही भीती कमी होई. पाश्चात्त्य मानसोपचारात त्या काळी आईलाच आजाराचे कारण ठरवणारा विचार जोरात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या तंबूंचे मोल कळते. पुढे वेल्लोर आणि बंगळूर येथेही कुटुंबासह उपचाराची पद्धत रुजली. आज हे रुग्णालय डॉ. विद्यासागर यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र लाहोरहून आलेल्यांपैकी ज्यांच्या घरच्यांचा पत्ताच लागला नाही, त्यांच्यासाठी तंबूत येऊन राहणारे कोण असणार?

मंटो स्वतः 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला दारूच्या व्यसनावरील उपचारांसाठी लाहोरच्या रुग्णालयात राहिले होते. ‘फुंदने’ या 1955 मधील संग्रहात ही कथा आहे. तिचा शेवट, दोन सीमांमधल्या निनावी तुकड्यावर पडलेला बिशनसिंग, सर्वांच्या ध्यानात राहतो. शिकवताना मधला एक प्रसंग निसटतो. घरची माणसे सुखरूप हिंदुस्थानात पोचली, ही खबर बिशनसिंगला सांगायला फज़लदीन येतो. तो त्याचा नातलग नाही, गावचा मुस्लिम दोस्त आहे. सरकारी हिशेबात रुग्णाचे आपले कोण हे धर्मावरून ठरले होते, आणि त्या हिशेबात फज़लदीनसारख्यांना रकाना नव्हता. 1950 मध्ये अमृतसरला आणलेल्या एखाद्या रुग्णाचा असा कोणी दोस्त असेल, तर तो वाघ्याच्या पलीकडे राहिला.