फाईल मोबाईलवर उघडली अन् मराठीचं कडबोळं झालं? जुन्या फॉन्टचा हा घोळ समजून घ्या

ग्रामसभेची नोटीस गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. वर्डची फाईल असते. मोबाईलवर उघडून बघावं तर मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं असा नुसता कचरा दिसतो. ग्रुपवर लगेच विचारणा होते, "फाईल खराब आहे का?" ऑपरेटर सांगतो, "माझ्या कॉम्प्युटरवर तर चांगली दिसते." दोघंही खरंच बोलत असतात. फाईल खराब नसते आणि मोबाईलही बिघडलेला नसतो. घोळ असतो तो फॉन्टचा.

ग्रामपंचायत, विकास सोसायटी, पतसंस्था, दूध डेअरी, शाळा, छपाईचं दुकान अशा अनेक ठिकाणी अजूनही जुन्या फॉन्टमध्ये काम चालतं. नोटीस वाचता आली नाही तर ती पुन्हा मागवता येते. पण वीस वर्षांची सभासद यादी अशाच फॉन्टमध्ये असेल, तर प्रश्न मोठा आहे.

असं का होतं?

कॉम्प्युटर अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो आणि फाईलमध्ये तो नंबर साठवला जातो. सुरुवातीच्या कॉम्प्युटरमध्ये हे नंबर फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं यांनाच होते. मराठीला जागाच नव्हती.

मग फॉन्ट तयार करणाऱ्यांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षराचा नंबर तोच ठेवायचा, फक्त त्याचं चित्र बदलायचं. क्रुती देव या फॉन्टमध्ये 'राम' असं टाइप केलं, तर फाईलमध्ये खरं तर इंग्रजी जे, के आणि ई ही तीन अक्षरं साठतात. क्रुती देव फॉन्ट 'जे'च्या जागी 'र', 'के'च्या जागी काना आणि 'ई'च्या जागी 'म' काढून दाखवतो. म्हणजे आत इंग्रजी आणि अंगावर मराठी कपडे. ज्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नाही, तिथं कपडे उतरतात आणि आतली इंग्रजी अक्षरं दिसतात.

क्रुती देव, शिवाजी, श्री-लिपी, आकृती अशी या जातीची कितीतरी नावं आहेत. प्रत्येकाची मांडणी वेगळी, त्यामुळं एका फॉन्टमधलं लिखाण दुसऱ्यात उघडलं तरी कडबोळंच होतं. तरीही या फॉन्टना नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरी सोय नव्हती, तेव्हा मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका आणि सरकारी कागद याच फॉन्टवर छापले गेले.

युनिकोड म्हणजे काय?

जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना कायमचा स्वतंत्र नंबर देण्याची पद्धत म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. त्यात देवनागरीसाठी १२८ जागांचा वेगळा कप्पा आहे. 'अ'चा नंबर २३०९, तर 'क'चा २३२५. पुण्यातला कॉम्प्युटर असो की दुबईतला मोबाईल, २३२५ म्हणजे 'क'च. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये मराठी युनिकोडची सोय आली. आज आपण व्हॉट्सॲपवर मराठीत जे टाइप करतो, ते सगळं युनिकोडच असतं.

जुन्या फॉन्टनं नुकसान काय?

पहिलं म्हणजे शोधता येत नाही. पाचशे नावांच्या यादीत आपलं नाव शोधायला मराठीत टाइप केलं, तर ते सापडत नाही. डोळ्याला नाव दिसतं, पण मोबाईलला तिथं इंग्रजी अक्षरं दिसतात.

दुसरं, एक्सेलमध्ये नावं क्रमानं लावायची म्हटली तर ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लागतात. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचा क्रम येत नाही.

तिसरं, दृष्टिहीन माणसं मोबाईलच्या आवाजावर कागद ऐकतात. त्यांना जुन्या फॉन्टमधली फाईल म्हणजे अर्थ नसलेली बडबड ऐकू येते.

चौथं नुकसान सगळ्यात मोठं. फॉन्ट एकाच कॉम्प्युटरमध्ये असतो, ऑपरेटर निवृत्त होतो, कॉम्प्युटर भंगारात जातो. फाईल पेनड्राइव्हवर शिल्लक असते, पण कुणाला वाचता येत नाही. कागदाला वाळवी लागली तर ती दिसते तरी. फाईलची वाळवी दिसत नाही.

फाईल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, कसं ओळखायचं?

कॉम्प्युटरवर एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून 'एरियल' करा. मराठी मराठीच राहिली तर फाईल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरं आली तर जुना फॉन्ट समजा. लगेच कंट्रोल आणि झेड दाबून बदल मागं घ्या.

मोबाईलवर त्याहून सोपं आहे. पीडीएफमधली ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, पाठवायची गरज नाही. मराठी आली तर ठीक, कचरा आला तर जुना फॉन्ट. कॉपीच होत नसेल तर तो बहुतेक स्कॅन केलेला फोटो असतो.

नवीन काम युनिकोडमध्ये कसं करायचं?

विंडोज १० किंवा ११ मध्ये त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडा, भाषांमध्ये मराठी जोडा. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते.

कीबोर्डचे मुख्य तीन प्रकार आहेत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. 'के'वर 'क' आणि शिफ्ट दाबून 'ख', अशी त्याची रचना आहे. फोनेटिकमध्ये इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असतं. टायपिंग क्लासला रेमिंग्टन शिकलेल्यांसाठी त्याच मांडणीवर युनिकोड उमटवणारी सोयही मिळते, म्हणजे बसलेला हात मोडावा लागत नाही. सवय फक्त एकाच गोष्टीची करावी लागते. इनस्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नाही, नंतर द्यायची.

मंगल, निर्मला, कोकिळा हे युनिकोड फॉन्ट विंडोजबरोबर मिळतात. नोटो, मुक्त, बालू, शोभिका हे मोफत उतरवता येतात. युनिकोडमध्ये अक्षरं छान दिसत नाहीत, ही तक्रार आता फारशी खरी राहिलेली नाही.

जुन्या फाईलींचं काय करायचं?

नुसता फॉन्ट बदलून फाईल युनिकोड होत नाही. त्यासाठी रूपांतर करणारं सॉफ्टवेअर लागतं. ते वापरताना चार गोष्टी पाळा.

एक, मूळ फाईलला हात लावू नका. आधी तिची प्रत काढा. एक पीडीएफही करून ठेवा, म्हणजे मूळ मजकूर कसा दिसत होता याचा पुरावा राहील.

दोन, फॉन्टचं नेमकं नाव बघूनच रूपांतर करा. एका फॉन्टचं सॉफ्टवेअर दुसऱ्याला चालत नाही.

तीन, आधार नंबर, बँक खातं, मोबाईल नंबर असलेली यादी अनोळखी वेबसाइटवर चढवू नका. फक्त नावांचा रकाना वेगळा काढा, किंवा इंटरनेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर वापरा.

चार, रूपांतर झाल्यावर मूळ कागदाशी ताडून बघा. चुका ठरलेल्या ठिकाणीच होतात. रफार, ऱ्हस्व वेलांटी, 'ष्ट्र'सारखी जोडाक्षरं आणि आपल्या मराठीचा 'ऱ्य'. 'शेतकऱ्यांना' या शब्दाचं अनेकदा 'शेतकर्यांना' होतं. आडनावात अशी चूक राहिली, तर आधारवरचं नाव आणि यादीतलं नाव जुळत नाही. मग हेलपाटे त्या माणसालाच पडतात.

एक्सेल वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा

यादी सीएसव्ही प्रकारात जतन करायची असेल तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. साधी सीएसव्ही केली तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाईल बंद केल्यावर ती प्रश्नचिन्हं पुन्हा अक्षरं होत नाहीत.

रकमा इंग्रजी अंकांत टाका. मराठी अंकांत टाकलेल्या रकमेला एक्सेल साधारणपणे अक्षर समजतं आणि बेरीज शून्य दाखवतं.

युनिकोडमध्येही एक फसवणूक आहे. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एकसंध 'ॲ', किंवा 'अ' लिहून वर चंद्र. दिसायला दोन्ही सारखेच, पण नंबर वेगळे. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळं जुन्या फाईलींत दुसरा प्रकार आढळतो. 'ऱ्य'चंही तसंच आहे. म्हणून नाव सापडलं नाही तर 'यादीत नाव नाही' असं लगेच सांगू नका. नावाचा अर्धा भाग टाकून पुन्हा शोधा.

गावानं काय करावं?

नोटीस किंवा यादी ग्रुपवर टाकायची असेल तर वर्डची फाईल न टाकता पीडीएफ टाका. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, त्यामुळं वाचायची अडचण तरी मिटते. पण हा तात्पुरता उपाय झाला. जुन्या फॉन्टची पीडीएफ वाचता येते, शोधता येत नाही.

सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सभासदांना एक साधा प्रश्न विचारता येईल. आपली सभासद यादी आणि ठरावाची पुस्तकं कोणत्या फॉन्टमध्ये आहेत? उत्तर 'जुना फॉन्ट' असं आलं, तर तो कॉम्प्युटर चालू आहे आणि तो ऑपरेटर कामावर आहे, तोवरच रूपांतर करून घ्यावं. नंतर फाईल हातात असेल, पण वाचणारं कुणी नसेल.