गीझरमधला फिल्टर नेमका काय करतो? महाड-पोलादपूरच्या घरांसाठी गीझर बसवण्याची पूर्ण माहिती

नवीन गीझर घ्यायला गेलं की बॉक्सवर ‘इन-बिल्ट फिल्टर’ असं लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं. मग वाटतं, चला, पाण्याचा प्रश्न मिटला! पण हा फिल्टर मुख्यतः गीझरला वाचवतो. त्यातून आलेलं पाणी पिण्यालायक होत नाही.

आत काय असतं?

बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली, कचरा अडवणारी बारीक जाळी. दुसरी, पॉलिफॉस्फेटचं कार्ट्रिज. हे कार्ट्रिज पाण्यातले क्षार काढत नाही, फक्त ते कॉइलवर थर होऊन बसू नयेत म्हणून मदत करतं. कार्ट्रिज संपलं की हा फायदाही संपतो.

आधी आपलं पाणी ओळखा

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून समुद्राकडे जाते. पावसाळ्यात डोंगरावरून उतरणारं पाणी गाळ घेऊन येतं. इथे टीडीएस मीटर फसवतो, कारण तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो. गढूळ पाण्याचाही आकडा कमी येऊ शकतो.

सोपी टेस्ट करा. पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाला गाळ बसला तर वेगळा सेडिमेंट फिल्टर हवाच. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसेल तर पाणी जड आहे, तिथे पॉलिफॉस्फेट कामाला येतं.

बसवताना क्रम असा ठेवा

१. थंड पाण्याच्या लाईनवर आधी बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह.
२. मग सेडिमेंट फिल्टर. फार बारीक, म्हणजे ५ मायक्रॉनचा घेतला तर गाळाने लवकर तुंबतो. २० ते ५० मायक्रॉनचा पुरेसा आहे.
३. मग गीझरसोबत आलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. हा आणि गीझर यांच्यामध्ये दुसरा कुठलाही व्हॉल्व्ह नको.
४. गरम पाण्याच्या बाजूला साधा फिल्टर लावू नका. तो गरम पाण्यासाठी बनवलेला नसतो.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नका, पाणी प्रसरण पावतं. ते तोंड मात्र कधीच बुजवू नका.

प्रेशर आणि वीज

टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार प्रेशर मिळतं. एकमजली घरात ही उंची ३ मीटर असेल, तर फक्त ०.३ बार. त्यात फिल्टर तुंबला की धार अगदी बारीक होते. अशा घरात इन्स्टंटपेक्षा स्टोरेज गीझर बरा.

२००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर करंट घेतो, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतोच. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटं आणि ०.६ युनिट लागतात. पहिल्यांदा गरम पाण्याचा नळ उघडून सलग धार येऊ द्या, मगच स्विच चालू करा. रिकामा गीझर चालू केला तर कॉइल जळते.

पूर येऊन गेल्यावर

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये घराघरांत पाणी शिरलं होतं. अशा वेळी गीझर भिंतीवर उंच असला तरी खालचा सॉकेट आणि वायरिंग भिजलेलं असू शकतं. पाणी चढायला लागलं की सुरक्षित असेल तरच मेन स्विच बंद करा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावू नका. पाणी ओसरल्यावर इलेक्ट्रिशियनने अर्थिंग, वायरिंग आणि आरसीसीबी तपासल्याशिवाय गीझर चालू करायचा नाही. टाकी आणि गीझर धुवून काढा, कार्ट्रिज नवीन टाका.

एरवी पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा कार्ट्रिज उघडून पाहायची सवय लावा. आणि पिण्यासाठी पाणी गीझरमधून कधीच घेऊ नका, त्यासाठी वेगळा प्युरिफायर वापरा किंवा पाणी उकळून घ्या.