अमक्यावर केस आहे म्हणे! खरं की खोटं, मोबाइलवर कसं पाहायचं?

नागपूर जिल्हा : सोयरीक जुळत आली की कुणीतरी हळूच कानात सांगतं, "पोरावर केस आहे म्हणे." शेत मक्त्यानं द्यायचं असतं, प्लॉटचा इसार द्यायचा असतो, ट्रॅक्टरवर नवा ड्रायव्हर ठेवायचा असतो, तेव्हाही हेच. या एका "म्हणे"पायी जुळलेलं लग्न मोडतं आणि कधी खरंच ज्याच्यापासून जपायला पाहिजे त्याच्याच हातात लाख-दोन लाख जातात. तपासायला पैसे लागत नाहीत आणि कुणाची ओळखही लागत नाही. मोबाइल आणि अर्धा-एक तास हाताशी असला की पुष्कळ कळतं. फक्त काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे आधी समजून घ्या.

अमेरिकेत बऱ्याच काउंटीत माणसाचं नाव टाकलं की त्याच्या कोर्टातल्या केसेस समोर येतात. आपल्याकडे एका माणसाचा सगळा गुन्हे इतिहास एका जागी दाखवणारी, लोकांसाठी खुली अशी कोणतीच सरकारी साइट नाही. तसा रेकॉर्ड पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणक यंत्रणेत असतो आणि तो त्यांच्याच कामासाठी आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय यादी २०१८ मध्ये सुरू झाली, तीही फक्त पोलीस व तपास यंत्रणांना दिसते. त्यामुळे "कुणाचीही हिस्ट्री काढून देतो, इतके पैसे टाका" म्हणणारा ॲप किंवा एजंट भेटला तर पैसे खिशातच ठेवा. लोकांसाठी खुल्या आहेत दोन गोष्टी : पोलिसांचा एफआयआर आणि कोर्टातला खटला.

आधी ठाणं कोणतं ते ठरवा

इथंच बहुतेकांची गाडी अडते. नागपूर जिल्ह्यात पोलिसांची दोन वेगळी दफ्तरं आहेत. काटोल, नरखेड, सावनेर, रामटेक, मौदा, उमरेड, कुही, भिवापूर ही नागपूर ग्रामीणची, म्हणजे पोलीस अधीक्षकांची ठाणी. पण हिंगणा, कामठी, कोराडी ही ठाणी नागपूर शहर आयुक्तालयात मोडतात. हिंगणा तालुका आहे म्हणून ग्रामीणमध्ये शोधत बसाल तर दिवसभर काही सापडणार नाही. आणि गुन्हा जिथं घडला तिथल्या ठाण्यात शोधायचं, माणूस जिथं राहतो तिथल्या नाही. कुहीच्या माणसाचं भांडण उमरेडच्या बाजारात झालं असेल तर कागद उमरेडलाच.

एफआयआर कसा पाहायचा

सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी युथ बार असोसिएशनच्या याचिकेवर आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत तो पोलिसांच्या वेबसाइटवर टाकावा. इंटरनेटची अडचण असेल तर ४८ तास आणि दुर्गम भागात जास्तीत जास्त ७२ तास. त्यानुसार महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआरचा विभाग आहे. तिथं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते टाका, नागपूर शहर की नागपूर ग्रामीण ते निवडा, मग ठाणं निवडा. यादी येते, तिच्यात गुन्ह्याचा क्रमांक, तारीख आणि कलमं दिसतात. प्रत डाउनलोड करता येते. तारखा थोड्या थोड्या टाकत जा, एकदम पाच वर्षं टाकू नका.

इथं नावावरून शोधता येत नाही, ही मोठी अडचण आहे. म्हणून "कधी झालं, कुठं झालं" एवढं तरी गावातून काढावं लागतं. पोलीस पाटलांना साल-महिना बहुतेक आठवत असतो.

प्रत उघडली की आधी आरोपीचा रकाना पाहा. तिथं "अज्ञात" लिहिलेलं असेल तर तो एफआयआर कुणाच्याच नावावर नाही, गावात कितीही चर्चा असो. नंतर फिर्यादीची हकीकत वाचा आणि वाचताना लक्षात ठेवा, ही एकाच बाजूनं सांगितलेली गोष्ट आहे. बांधावरच्या भांडणात दोघंही एकमेकांवर एफआयआर करतात हे आपल्याला सांगायला नको. दोन्ही वाचल्याशिवाय मत बनवू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. पूर्वीचा ४२० आता ३१८, खुनाचा ३०२ आता १०३. जुना गुन्हा जुन्याच कलमाखाली चालतो. "३०२" दिसलं की आधी तारीख पाहा. २०२४ नंतर ३०२ हा आकडा वेगळ्याच, धार्मिक भावना दुखावण्याच्या कलमाचा आहे आणि त्यात खुनाचा काही संबंध नाही.

यादीत काय सापडणार नाही? लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांचे एफआयआर साइटवर टाकले जात नाहीत. अदखलपात्र गुन्हा, ज्याला ठाण्यात "एनसी" म्हणतात, तो एफआयआर नसतोच. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींचं प्रकरण बाल न्याय मंडळात चालतं, त्यांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. "चॅप्टर केस"सुद्धा तिथं नाही. भांडण होऊ नये म्हणून बॉण्ड लिहून घेण्याची ही कारवाई ग्रामीण भागात बहुधा तहसीलदारांसमोर, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून, होते. ती शिक्षा नव्हे. तडीपारी हाही कोर्टाचा निकाल नव्हे, तो मुंबई पोलीस कायद्याखाली, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, निघालेला प्रशासकीय आदेश असतो.

खटला ई-कोर्ट्सवर

खरी माहिती इथं मिळते. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हा सरकारी ॲप मोफत आहे, वेबसाइटही आहे. केस स्टेटसमध्ये जा, महाराष्ट्र, मग नागपूर, मग कोर्टाचं संकुल निवडा. जिल्हा न्यायालय वेगळं आणि तालुक्याचं कोर्ट वेगळं दिसतं, दोन्हीकडे शोधायचं.

एफआयआर क्रमांक हाती असेल तर एफआयआर क्रमांकावरूनच शोधा. ठाणं, क्रमांक आणि साल टाकलं की त्या गुन्ह्याचा खटला थेट समोर येतो. हा रस्ता सगळ्यात पक्का.

नावावरून शोधता येतं, पण त्यात गोम आहे. नावं इंग्रजीत भरलेली असतात आणि भरणाऱ्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलेलं असतं. वानखेडे की वानखडे, सुरुवातीला डब्ल्यू की व्ही, ठाकरेत एक ए जास्त की कमी, सगळं करून पाहावं लागतं. कधी आडनाव आधी, कधी शेवटी. म्हणून पूर्ण नाव न टाकता नावाचा थोडाच भाग टाका, निदान तीन अक्षरं लागतात. साल टाकावंच लागतं, म्हणजे एकेक वर्ष पुढं जायचं. प्रलंबित आणि निकाली असे दोन पर्याय असतात. दोन्ही पाहा.

नाव सापडलं म्हणजे तोच माणूस, असं नाही. एका तालुक्यात एकाच नावाचे चार जण सहज निघतात. वडिलांचं नाव जुळतं का, गाव जुळतं का, ठाणं जुळतं का, तिन्ही पाहा. नुसत्या नाव-आडनावावर सोयरीक मोडू नका, हा आमचा कळकळीचा सल्ला.

केसच्या प्रकाराची अक्षरंही नीट वाचा. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला. आर.सी.एस. म्हणजे दिवाणी दावा, वाटणीचा किंवा बांधाचा. एका अक्षराच्या फरकाने वाटणीचा दावा लावणारा माणूस गावभर "केसवाला" होऊन जातो. एस.सी.सी. हा संक्षिप्त खटला, चेक बाउन्सच्या केसेस बहुधा याच नावाखाली असतात. पैशाचा व्यवहार करणार असाल तर मात्र एस.सी.सी. जरूर पाहा, एकाच माणसाच्या पाच-सात चेक बाउन्सच्या केसेस निघाल्या तर इसार देण्याआधी थांबा.

प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा लिहून ठेवला की पुढं दर तारीख त्यावरूनच पाहता येते.

"निकाली" म्हणजे काय?

"डिस्पोज्ड" दिसलं की लोक म्हणतात, सुटला. तसं नाही. खाली निकालाचा प्रकार लिहिलेला असतो : दोषमुक्त, शिक्षा, तडजोड, किंवा सत्र न्यायालयाकडे वर्ग. खुनासारखा खटला तालुक्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे नोंदतो आणि तिथून सत्र न्यायालयाकडे जातो, कारण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना तीन वर्षांपर्यंतचीच कैद देता येते. तालुक्याच्या यादीत तो निकाली दिसतो, पण नागपूरला नव्या नंबरने चालू असतो.

शिक्षा झाली तरी गोष्ट संपत नाही. जिल्ह्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणाचा गुन्हा २००२ चा. त्यात सावनेरचे तेव्हाचे आमदार सुनील केदार यांना नागपूरच्या न्यायालयाने २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली आणि आमदारकी गेली. जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जामीन दिला. गुन्हा ते निकाल एकवीस वर्षं, आणि तेच प्रकरण वेगवेगळ्या कोर्टांत वेगवेगळ्या नंबरने. म्हणून अपील झालंय का ते पाहायला मुंबई उच्च न्यायालयाच्या साइटवर नागपूर खंडपीठ निवडून शोधा.

एफआयआर झाला पण खटलाच दिसत नाही, असंही होतं. तपास चालू असेल, नाहीतर पोलिसांनी समरी अहवाल दिला असेल. "ए" समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. "बी" म्हणजे तक्रार खोटी, मुद्दाम केलेली. "सी" म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. कोर्टाने समरी मंजूर केली तरी जुना एफआयआर साइटवर राहू शकतो. दोषारोपपत्र मात्र ऑनलाइन शोधू नका. ते सार्वजनिक कागद नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

निवडणुकीला उभा राहणारा असेल तर

आमदार-खासदारकीचा उमेदवार नमुना २६ मध्ये शपथपत्र देतो, त्यात प्रलंबित खटले आणि शिक्षा लिहाव्या लागतात. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही पाहता येतं. यातलं न लिहिणं किती अंगाशी येऊ शकतं, याचं प्रकरण नागपूरचंच. देवेंद्र फडणवीस यांनी २०१४ च्या शपथपत्रात दोन जुन्या खटल्यांची माहिती दिली नाही, अशी तक्रार झाली. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी ती पुन्हा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवली. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. अशा प्रकरणाची अर्धीच बातमी फॉरवर्ड होत राहते, कुणी आरोपाची, कुणी सुटकेची.

स्वतःचं नाव आधी शोधा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे नक्की करा. गणपतीच्या मिरवणुकीतली मारामारी, रस्ता रोको, वीज कार्यालयावरचा मोर्चा, कुठंतरी नाव लागलेलं असतं आणि घरी पत्ता नसतो. समन्स जुन्या पत्त्यावर जातं, तारखेला कुणी हजर नाही, मग वॉरंट निघतं. भरतीच्या साक्षांकन नमुन्यात "गुन्हा दाखल आहे का" हा प्रश्न असतो. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलंय की माहिती लपवणं हेच नोकरी जायला कारण ठरू शकतं. किरकोळ केस खरी लिहिली तर तिचा विचार होऊ शकतो. लपवली तर मार्ग अवघड. सुटका झाली असली तरी विचारलेलं असेल तर लिहा, सोबत निकालाची नक्कल जोडा.

नोकरीसाठी पोलिसांचा अधिकृत कागद पाहिजे असेल तर चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र असतं. त्यासाठी ऑनलाइन अर्ज ज्याचा त्यानेच करायचा. ड्रायव्हर किंवा चौकीदार ठेवताना त्यालाच हे आणायला सांगा. चोरून नाव शोधण्यापेक्षा हे दोघांनाही बरं.

सापडलं तर ग्रुपवर टाकू नका

एफआयआरची प्रत सार्वजनिक आहे म्हणून "हा चोर आहे" असं लिहून व्हॉट्सॲपवर टाकलं तर ती बदनामी होऊ शकते, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. बलात्कार पीडितेचं नाव, फोटो, गाव कळेल असं काहीही पुढं पाठवणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मुलीच्या बाजूनं पाठवलं हे कारण चालत नाही.

पक्की नक्कल पाहिजे असेल तर ज्या कोर्टाचा निकाल त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. खटल्याशी तुमचा संबंध नसेल तर कशासाठी पाहिजे ते अर्जात लिहावं लागतं, आणि द्यायची की नाही ते कोर्ट ठरवतं. स्वतःच्याच नावावर केस निघाली आणि वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर टोल फ्री नंबर १५१०० आहे. जाताना सीएनआर क्रमांक कागदावर लिहून न्या.